धाकट्या सुनेस घर, आणि तिच्या भाषेविषयी कबुली

मी, खाली सही करणार, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा तांबटकाम, शिक्षण चौथी उत्तीर्ण, पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवीत आहे. शुद्धीविषयी थोरल्या चिरंजीवांस शंका असल्यास त्यांनी सोबतचा डॉक्टरांचा दाखला वाचावा व गप्प बसावे.

कलम एक. माझ्या पश्चात हे घर, खालच्या दुकानासह, दिवंगत धाकट्या मुलाच्या पत्नीस मिळावे. ती स्पॅनिश बोलणाऱ्या मुलुखातली. लेकीशी त्याच भाषेत बोलते. थोरला म्हणाला, "बाबा, तुमच्या नाकाखाली दोघी घर विकायचे बेत करताहेत." म्हणून मी ती भाषा शिकलो. चोरून ऐकण्यासाठी. लाज वाटते, पण खोटे लिहिणार नाही.

शिकण्याची रीत माझी स्वतःची. शब्दाचे जितके तुकडे तितके ठोके पातेल्यावर द्यायचे. जोर असेल तेथे हात जड. "आब्लामोस", म्हणजे आम्ही बोलतो: तीन ठोके, मधला जड, आणि "ब्ल" फोडायचा नाही. तीन वर्षांत सतरा पातेली वाया गेली.

कलम दोन. व्याकरणाचे पुस्तक मेहुण्यास परत करावे. हे निवृत्त मास्तर. "विवीआमोस", आम्ही राहत होतो, यात ते तीनच तुकडे मोजीत. मी चार ठोकून दाखवले, तर म्हणाले, "चौथी पास माणसानं मला शिकवू नये." तेथे ई आणि आ एकत्र नांदत नाहीत. पान चाळीस. खूण घातली आहे.

कलम तीन. थोरल्यास ऐरण. उचलली तर न्यावी.

आता त्या दोघींच्या बेतांविषयी. माझ्या पलंगावर छप्पर गळते, ते दुरुस्त करून घ्या असे म्हाताऱ्याला सांगावे कोणी, तो अंगावर येतो, असे त्या म्हणत. तीन वर्षे हेच बेत. परवा मात्र "नोस वामोस" ऐकले: आपण निघतोय. थोरल्याने तिला बजावले होते, की माझ्यामागे तिला येथे थारा नाही. जाऊ नकोस म्हणायचे, तर ऐकल्याचे कबूल करणे आले. म्हणून आजच हा कागद.

ती गेली तरी घर तिचेच. अट नाही.

आताच साक्षीदारांसमक्ष तिला हे सर्व वाचून दाखवले. ती म्हणाली, "तिकिटं परत करायला उद्यापर्यंत मुदत आहे, बाबा. सकाळी सांगते."

तिचे उत्तर येण्यापूर्वीच सही करीत आहे. घर देऊन अडकवून ठेवले, असे कोणी म्हणू नये.

सही: स्वहस्ते.
साक्षीदार: समोरचे शिंपी (सही), कोपऱ्यावरचे औषधवाले (सही).
स्थळ: राहते घर, पुढची खोली. शनिवार, सायंकाळी पाच.