बशा उचलायला निघाले

पुणे, शनिवार

आईला लीलाचा वाकून नमस्कार.

इकडे सगळी बरी आहेत. काल इस्पितळात दिवसभर कामाला उभं राहून पाय भरून आले होते, तेव्हा हे आणि आमची फुला मला परस्पर हॉटेलात घेऊन गेले. केवढा गलबला तिथे, तरी गुंगी आल्यासारखं छान वाटत होतं. खाणं संपल्यावर मी सवयीने सगळ्यांच्या बशा गोळा केल्या आणि मोरी शोधू लागले. फुलाने पदर ओढला, "आये, बस की गं! हितं तुला कोन काम सांगतंय?" सगळे हसले, मीही.

मग डोळे मिटून बसले. त्या आवाजात समोर तू दिसलीस, पण उभीच, वाढताना. तुला आमच्यासोबत बसून जेवताना पाहिल्याचं आठवेचना.

खोकला थांबला का? खरं कळव. म्हशीचं निमित्त नको, तिला शेजारची कृष्णाबाई सांभाळेल. हे पुढच्या रविवारी तुला इकडे न्यायला मुळशीला येतील. एकदा माझ्याशेजारी बसून जेव.

तुझी वाट पाहणारी,
लीला