एंजलचा उजवा कान

भिंगार, ४ जुलै २०२५

प्रिय याकोबदादा,
सप्रेम सलाम, वि. वि.

फोनवर तू अर्ध्यात चिडतोस, म्हणून लिहिते. एंजलने सोळाव्या वाढदिवसाला वर्गातल्या सृष्टीबरोबर बाजारात जाऊन उजवा कान वरच्या कडेला टोचून घेतला. बारीकशी स्टीलची कडी. मी रागावले, तर म्हणाली, आत्या, आरशात पहिल्यांदाच मी मला आवडले. तूच लाडावून ठेवलंयस तिला.

पण आमच्या शाळेत कानाच्या पाळीतल्या एका खड्यापलीकडे काही चालत नाही. सोमवारी परिपाठाला मोठ्या बाईंनी मुली तपासल्या. कडी काढावी लागली. कान जरा सुजलाय, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. काळजी करू नकोस, नि तिला ओरडू नकोस. वहिनींना सलाम. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
दीना

कोल्हार, २३ जुलै २०२५

चि. दीनास,
अनेक आशीर्वाद.

तू फोनवर नुसती रडतेस, म्हणून मीही पत्रच लिहितो. एंजलला तुझ्याकडून घरी आणून बारा दिवस झाले. ऑपरेशन झालं ते तुला ठाऊक आहे. आतलं मऊ हाड सडलं होतं, तेवढं काढलं म्हणाले. काल पट्टी सुटली. कान वरून कागद चुरगळावा तसा झालाय. तिची आई तिच्याकडं बघायचं टाळते, आन ते पोरीला कळतं.

इचारलं तर म्हणते, कडी मीच ओढली. मला पटलं न्हाई. सृष्टीला फोन केला. ती म्हणाली, एका बाईंनी पक्कड लावून काढली, एंजल दुखतंय म्हणत हुती. नाव इचारल्यावर तिनं फोनच ठेवला. सोमवारी टेम्पो घेऊन येतो. तू त्याच शाळेत शिकवतेस, नाव तेवढं काढून ठेव. मी हात उचलणार न्हाई. पन त्या बाईला पोरीचा कान दाखवणार.

तुझा,
याकोब

भिंगार, २५ जुलै २०२५

प्रिय दादा,
सलाम.

नाव काढायला कुठं जावं लागलं नाही. ती बाई मी.

मोठ्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, दीनाबाई, घरच्या पोरीला सूट आहे का? मला शरम वाटली. कडी निघेना, तेव्हा प्रयोगशाळेतली पक्कड मीच मागवली. एंजल दोनदा दुखतंय म्हणाली. मी म्हणाले, नीट उभी राहा. वीस वर्षं वर्गाशी ज्या आवाजात बोलते, त्याच आवाजात. मागच्या पत्रात तुला ‘काढावी लागली’ असं लिहिलं. कोणी काढली ते लिहायला मी धजले नाही.

आज सगळं लेखी दिलं. मोठ्या बाई म्हणाल्या, कागद परत घ्या, मुलगीच सांगते ना की तिनं स्वतः ओढली? मी घेतला नाही. एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना टपालाने पाठवली. त्यानं कान परत येणार नाही, हे मला कळतं. सोमवारी ये. मी फाटकाशी उभी असेन.

दीना

कोल्हार, ९ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,
सलाम.

त्या सोमवारी पप्पा निघाले होते. टेम्पोत बसले, तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि तसेच बसून राहिले. शेवटी मीच जाऊन चावी काढून घेतली. तेव्हापासून तुझं नाव घरात कोणी घेत नाही.

मी खोटं बोलले ते तुला वाचवायला नाही. पप्पांना तू एकच बहीण आहेस, म्हणून.

इथल्या शाळेत नाव घातलंय. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, डोक्याला ओढणी चालणार नाही, काढ. मी काढली. कान दिसला. बाई घाईघाईने म्हणाल्या, राहू दे, बांध परत. मी बांधली नाही. दिवसभर तशीच बसले. डबा खायला शेजारी कोणी आलं नाही.

तुला घरी बसवलंय असं सृष्टीकडून कळलं. मला बरं वाटलं नाही, आणि वाईटही वाटलं नाही. काहीच वाटत नाही याचीच भीती वाटते.

एवढ्यात येऊ नकोस. पत्र लिही, मी वाचेन. उत्तर येईलच असं नाही. लोभ आहे, पण सध्या तो लांबूनच असू दे.

तुझी भाची,
एंजल