पंचेचाळीसची खूण

बाबा, तुमच्या त्या कटर मशीनबद्दल लिहायचंय. म्हापशाच्या बाजारातून स्वस्तात आणलेलं, धारगळच्या आपल्या फ्रेमच्या दुकानात अजून तेच आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी सोळा वर्षांची होते, आता एकोणीसची. तुम्ही मला आठवीतून काढून दुकानात बसवलंत, मदतीला माणूस नाही म्हणून. शाळेत मी गप्प असायचे, म्हणून मलाही बरंच वाटलं. पण पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला फ्रेमची पट्टी कापायला दिलीत. मी मशीन पंचेचाळीस अंशांच्या खुणेवर आणलं, पातं पुऱ्या वेगाने फिरू दिलं, हळू खाली दाबलं, थांबल्यावरच वर घेतलं. सगळं तुम्ही सांगितलंत तसं. तीन कोपरे दाबून बसवले आणि चौथा उघडा राहिला. आत नख जाईल एवढी फट. तुम्ही ती गिऱ्हाइकासमोर धरलीत आणि हसलात, "मशीन एकदम सरळ. चेडवाचो हातच वाकडो, काय करतलंय?"

गिऱ्हाईकही हसलं. मग पोरीचा हात वाकडा, हे सगळीकडे झालं. आई भाकरी थापायला द्यायची नाही, "रव गे, वाकडी करशीत." मावशीच्या लग्नात पंगतीत वाढायला उठले तर कोणीतरी तेच बोललं, तेव्हापासून मी लोकांत हात ओढणीखाली ठेवते. दुकानात मी फटीत भुसा आणि गोंद भरायचे, वर सोनेरी रंग. तुमच्या फ्रेमला मात्र काही भरावं लागायचं नाही. तुम्ही कापायला उभे राहिलात की मला म्हणायचात, "जा गे, च्या घेऊन ये." मी जायचे. परत येईपर्यंत चारही तुकडे कापून तयार असायचे.

यंदा गणपतीच्या चवथीच्या आधी तुमचे ते कोरगावचे मेस्त आले, तुमच्याबरोबर पत्ते खेळायचे ते. त्यांच्या आईच्या फोटोला फ्रेम हवी होती. मी कापलेला कोपरा त्यांनी उजेडात धरला.

"पत्तो घालूक नाय गे?"

"कसलो पत्तो?"

"अगो, ह्या मशीनची खूण खोटी. तुझो बापूस पत्त्याचो तुकडो पाठच्या आडाक लावी, मगे पट्टी टेकून कापी. माझोच डाव मोडलो त्याने, बदामाची दुर्री फाडून!" ते हसत होते. मला हसू येईना. "तुका सांगूक नाय? लाजलो आसतलो. गावभर सांगितल्यान, मुंबयच्या मशीनासारखा मशीन हाडलंय म्हणून."

त्यांनी खिशातली विडीची पेटी फाडून तुकडा दिला. मी तो आडाला, म्हणजे पट्टी टेकते त्या मागच्या फळीला लावला, आधी टाकाऊ पट्टीचे दोन तुकडे कापले, जोडून काटकोनाचा गुण्या लावला. मधून उजेड दिसला नाही. मग खरी पट्टी. चौथा कोपरा आपोआप मिटला. मेस्त म्हणाले, "बरो आसा मगे हात." बाबा, मी मागे जाऊन तोंड धुतलं. मशीन सरळ राहावं म्हणून तुम्ही माझा हात वाकडा केलात. मी रडत भुसा भरत होते ते तुम्ही बघत होतात. एक कागदाचा कपटा मागे लावायचा, एवढंच तर सांगायचं होतं. तेवढ्यासाठी तुम्ही मला रोज च्याला पाठवलंत.

आता माझी एकही फ्रेम उघडी राहत नाही. मोरजीच्या हॉटेलवाल्यानेसुद्धा ऑर्डर दिली. आईला मी पत्त्याचं सांगितलेलं नाही. सांगणार होते, दोनदा तोंड उघडलं. ती नव्या फ्रेमच्या कोपऱ्यावरून बोट फिरवते आणि आल्यागेल्याला सांगते, "बापायचो हात इलो हिका." मी खाली बघून हो म्हणते. राग येतो. आणि बरंही वाटतं, ते कुणाला सांगता येत नाही.