लोकरीच्या भिंती

५ ऑगस्ट, सोमवार

पोचले बाई एकदाची डोंगरातल्या अझ्रू गावाला! मेकनेस शहराच्या भट्टीतून सुटले. इथे देवदारांची सावली आहे, हवा गार आहे आणि आल्या आल्या पुदिन्याचा चहा आणि मधात भिजवलेली गरम पोळी मिळाली. आणखी काय पाहिजे?

घर हजयात्रा करून आलेल्या हाज बूअझ्झांचं. लोकरीचे इथले सगळ्यात मोठे व्यापारी. त्यांच्या बायकोला सगळे मानाने लाल्ला रक्किया म्हणतात. फार मायाळू बाई. तळघरात दोघांनी हौसेने सिनेमाची खोली बांधली आहे. तिथे स्पीकर बसवायचे आणि आवाज जुळवून द्यायचा, एवढं माझं काम. शुक्रवारी वाफवलेल्या रव्याची कुसकुस खायला सगळं गोत जमणार, त्याच्या आत.

बाईमाणूस हे काम करतं हे हाजना पटेचना. नवरा मागून येतोय का, म्हणे. मी म्हटलं, नवरा नाही, पण देवाने दोन कान धड दिलेत, त्यांच्यावरच माझं पोट चालतं. हाज खो खो हसले आणि आणखी एक पोळी वाढायला सांगितली.

६ ऑगस्ट, मंगळवार

काय खोली आहे! मधोमध उभी राहून टाळी वाजवली, तर आवाज जागच्या जागी विरला. घुमणं नाही, काही नाही. एवढ्या वर्षांत अशी खोली मला मिळाली नव्हती. भिंतींना डाळिंबी जरीचं कापड ताणून लावलंय आणि आत काहीतरी गच्च भरलंय. गादीसारखं फुगलंय.

आत काय आहे म्हणून विचारलं, तर हाजच्या मिशा फुलल्या. बाहेरचा माल माझ्या भिंतीत भरला तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील, म्हणाले. जूनमधल्या ईदला लोकांनी मेंढ्यांची कातडी गटारापाशी टाकून दिली होती. ती यांनी गाड्या भरभरून उचलून आणली आणि लोकरीसकट भिंतीत कोंबली. मी विचारलं, धुतली होती का? निदान मीठ तरी चोळलं होतं? तर म्हणे, अगं पोरी, मेंढी काय हमामखान्यात जाते होय!

हसले मी, पण भिंतीपासून दोन पावलं मागे सरकले. तरीच तो वास. खवट चरबीचा, घशात बसणारा. हाज म्हणतात तो ईदचा सुगंध. धन्य आहे!

७ ऑगस्ट, बुधवार

आज खर्जाचा डबा, म्हणजे जाड आवाजाचा मोठा स्पीकर, बसवायचा होता. त्याची आमची एक युक्ती असते. डबा ठेवायचा मालकाच्या बैठकीवर, आवाज सोडायचा आणि आपण भिंतीकडेने कान खाली करून रांगायचं. जिथे ठोका गोल, भरीव ऐकू येईल, तिथे डब्याची जागा. नवराबायको दारात उभे राहून बघत होते. मेंढीला गवत टाकू का, म्हणून हाजनी विचारलं. लाल्लांनी त्यांच्या दंडाला चिमटा काढला.

एका कोपऱ्यात ठोका असा काही लागला की मी उजवा कान कापडाला टेकवला. कापड ओलसर होतं, कोमट होतं. आणि त्याच्यामागे, माझ्या कानाला लागून, काहीतरी सरकलं.

शी! कान तुपकट झाला. साबणाने घासघासून धुतला, तरी बोटांना वास येतोच आहे. जेवण गेलं नाही. ताटात मटण होतं.

८ ऑगस्ट, गुरुवार

कान खाजतोय. आणि चावल्याचा आवाज येतोय. कोणीतरी ओला कागद चघळावा तसा.

मला वाटलं, भिंतीतूनच येतोय. वरच्यांना गप्प बसायला सांगितलं, मोजायचा माइक खोलीत लावला. संगणकावरची रेघ सपाट. खोलीत कसलाच आवाज नाही. मला मात्र तो स्वच्छ ऐकू येत होता.

मग माइक उचलून उजव्या कानाशी धरला. रेघ वर उठली.

लाल्लांनी ऑलिव्हचं कोमट तेल कानात सोडलं, मान कलती केली, वाडगा खाली धरला. तेलातून लोकरीची एक पिवळी तार आली आणि भाताच्या शिताएवढं पांढरं काहीतरी आलं. ते वळवळत होतं. मी तिथेच ओकले. लाल्ला पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, गेलं गं बाई, सुटलीस.

नाही सुटले. संध्याकाळी परत सुरू.

९ ऑगस्ट, शुक्रवार, सकाळ

दवाखान्यात नेलं. डॉक्टरने कानात उजेड टाकला, चिमट्याने लोकरीचं टोक धरून ओढलं. ओढतोच आहे, ओढतोच आहे, संपेना. मग आतून कशाने तरी ते उलटं ओढलं. मी किंचाळले. डॉक्टरने चिमटा टाकला आणि हात धुवायला पळाला. मोठ्या इस्पितळात जा म्हणाला, आजच्या आज. नाहीतर ऐकू येणं जाईल.

हाज हात जोडून म्हणताहेत, पाहुणे निघालेत पोरी, एवढा दिवस काढ, संध्याकाळी मी स्वतः गाडी काढतो. माझे कान यांच्या कुसकुसपेक्षा स्वस्त! चालत जाईन म्हटलं. पण जिना चढताना तोल जातोय, भिंत धरावी लागते. कसली भिंत धरू?

दुपार

एक कळलं. खर्जाचा सूर लावला की कानातलं चावणं थांबतं. एकदम शांत. रडूच आलं मला. म्हणून खालीच बसलेय, सूर लावून.

कापड फाडलं. पाहायलाच हवं होतं. कातडी नाहीत. लोकर नाही. सगळं खाल्लंय. पार छतापर्यंत त्याच पांढऱ्या अळ्या, एकीवर एक, ओल्या — आणि सगळ्यांची तोंडं डब्याकडे.

सूर बंद करून पाहिला. सगळ्या एकदम चावायला लागल्या. कानातलीही. त्याच ठेक्यात. पुन्हा लावला. किती घाण — अंगभर कोणी चरबी फासल्यागत —

आता तेवढ्या सुराला चावणं थांबत नाही. वाढवला. थोडं थांबलं. अजून वाढवला —

नंतर

पूर्ण वाढवलाय. याच्या वर जागा नाही.

उजव्या बाजूला काहीच नाही आता. चावणंही नाही. खाऊन झालं असेल.

दारात हाज. मागे पाहुणे. ओरडताहेत, तोंडं हलताहेत. सगळ्यांनी कानांवर हात गच्च दाबलेत. लाल्लांच्या डोळ्यांत पाणी. म्हणजे सूर चालू आहे. डब्याच्या पडद्यावर हात ठेवला, थरथरतोय, जोरात.

मला ऐकू येत नाही. सूर नाही. हाज नाही. फक्त डावीकडे, अगदी हळू, ओला कागद —