अहवालात न उमटलेली एकोणीस मिनिटं

डब्लिन,
रविवार, १४ मार्च १९७१

प्रिय कॉलम,

तुझं बॉस्टनहून आलेलं पत्र मिळालं. छोट्या नोरीनचा खोकला गेला, हे वाचून बरं वाटलं. इकडे बाबांचा गुडघा ठीक आहे. शुक्रवारपासून ते जरा गप्प आहेत, एवढंच.

बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला वाचायला मालाकी डेव्हनीकडून चार शब्द लिहून घे, असं तू लिहिलंस. बाबांचा विद्यार्थी खासदार झाला, याचा तुला अभिमान आहे. पण मी त्याच्याकडे काही मागितलं नाही.

बुधवारी सभागृहात शाळेतल्या छडीवर चर्चा होती. मी नेहमीसारखी भाषणं उतरवून घेत होते. मालाकी उठला. खासदार झाल्यापासून चार वर्षांत पहिल्यांदाच. एरवी लेखी प्रश्न देतो. पहिल्याच शब्दाला अडला, 'म'वर. आपण त्याला मेंढी म्हणायचो, आठवतं? मागून कुणी तरी हसलं. सभापती म्हणाले, "सदस्यांना हवा तेवढा वेळ आहे." मग कुणी हसलं नाही.

नऊ वर्षांच्या एका मुलाबद्दल तो बोलला. शब्द अडला की एक छडी. भीतीनं तो आणखी अडायचा. एकदा कवितेच्या चार ओळींना सव्वीस छड्या बसल्या. "मास्तर वाईट नव्हते," तो म्हणाला, "छडीनं जीभ सुटते असं त्यांना मनापासून वाटायचं. म्हणूनच कायदा हवा. चांगल्या माणसाच्या हातातून ती कोण काढून घेणार?"

अहवालात छापल्यावर तो जेमतेम एक परिच्छेद. त्याला एकोणीस मिनिटं लागली. दोन्ही बाजूंची माणसं प्रत्येक शब्दासाठी थांबली, जणू तो शब्द त्यांचाच होता. नोकरीच्या चौदा वर्षांत अशी शांतता मी ऐकली नव्हती. माझी उतरवून घ्यायची वेळ संपली, बदलीची बाई मागे येऊन उभी राहिली, तरी माझ्यानं उठवेना.

संध्याकाळी मालाकी मजकूर तपासायला आला. "छ-छान उतरवलंयस, उना. इतकं सलग मी कधी बोललो नव्हतो."

"नाव का नाही घेतलंस?"

"लिहायला तू बसली होतीस ना." मग म्हणाला, "मास्तर बरे आहेत?"

कॉलम, तू तेव्हा धाकट्या वर्गात होतास, म्हणून तुला माहीत नाही. त्या कवितेच्या दिवशी छड्या मोजायला बाबांनी मला उभं केलं होतं. मी मोठ्यानं मोजल्या. एकही चुकली नाही.

शुक्रवारी जेवणानंतर मी अहवालाचं ते पान बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"अडला का?" त्यांनी विचारलं.

"हो. एकोणीस मिनिटं लागली."

"आणि लोक थांबले?"

"सगळे थांबले, बाबा."

त्यांनी टेबलावरच्या आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "मी एकदासुद्धा थांबलो नाही."

पान सोबत पाठवते आहे. समारंभात काय वाचायचं, ते वाचून झाल्यावर तूच ठरव.

सव्वीसपर्यंत मोजणारी,
तुझी बहीण
उना