दोन पोती सांबार

१२ जानेवारी, सोमवार. रोहिणखेड
सकाळी ॲप झोपलं. उठवलं. पुण्याहून पार्टनर तन्मयचा फोन, "सर्व्हर डाऊन होता, तू काय करत होतास?" म्हटलं आंघोळ. ते पॉडकास्टवाले फाउंडर पहाटे उठून थंड पाण्याने आंघोळ करतात आणि त्यावर तासभर बोलतात. आमच्याकडे गिझर नाही. त्या हिशोबाने मी जन्मापासून फाउंडर आहे.

ॲपच्या नावावरून त.ची पुन्हा किरकिर. "तोडा" निगेटिव्ह वाटतं म्हणे, "जोडा" करू. वांग्याचा तोडा असतो, मिरचीचा तोडा असतो, आज तोडा आहे म्हणजे आज माल निघणार, हे त्याला कितीदा सांगायचं? जोडा नाव ठेवलं तर लोक स्थळं टाकतील नाहीतर चपला.

मार्चपर्यंत कोणी फंड दिला नाही तर शटर. मग मी परत पुण्याच्या नोकरीत. आईने माझी सुटकेस माळ्यावर टाकू दिलेली नाही. राहू दे हाताशी, म्हणते.

१३ जाने.
घरच्याच माणसावर प्रयोग. बेबीकाकूच्या मळ्यात जाऊन तिच्या फोनमध्ये ॲप टाकून दिलं. समजावलं की टाइप काही करायचं नाही, बटण दाबायचं आणि काय माल आहे ते बोलायचं. ॲप ऐकतं, जाहिरात तयार करतं, फोटो मागाहून आपल्या मनाने लावतं. पुण्यातल्या सोसायट्या ऑर्डर टाकतात, माल मोताळ्याहून ट्रॅव्हल्सच्या डिकीत बसतो.

काकूने बटण दाबलं. ॲप बोललं, "नमस्कार. आज आपल्याकडे कोणता भाजीपाला उपलब्ध आहे?"

काकूने पदर सावरला. मला हळूच, "कोन बाई हाय हे? मास्तरीन दिसते." म्हटलं मशीन आहे, बोल बिनधास्त. मग ती फोनशी, "बाई, सांबार हाय. गावरान. आत्ताच काढला. दोन पोते." समोर जुड्या बांधून पडलेल्या, हिरव्यागार.

एका झटक्यात जाहिरात लागली. एक शब्द चुकला नाही! मळ्यातच नाचलो. काकू म्हणे, "येडा झाला का बे?"

१५ जाने.
संक्रांत आटोपली. तीळगूळ कमी, फॉरवर्ड जास्त.

ऑर्डर!!! पुण्यातल्या एका सोसायटीने काकूची दोन्ही पोती घेतली. रविवारी त्यांचं हळदीकुंकू, म्हणजे शनिवारी ताजा माल काढून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. खाली टीप, "तिखट बेताचं असावं."

सांबाराला तिखट? मी लिहिलं, तिखट अजिबात नाही, काळजी नसावी. पुण्याचे लोक कशालाही काहीही विचारतात.

१८ जाने., रविवार
जेवत होतो. त.चा फोन, ओरडतच. "हॉलमध्ये बायका इडल्या वाढून बसल्यात! काय पाठवलंस तू?"
म्हटलं सांबार.
"मग सांबार कुठेय?"
म्हटलं पोत्यात.
"पोत्यात कोथिंबीर आहे!"
म्हटलं मग? सांबारच ना.

बराच वेळ दोघं एकमेकांना एकच गोष्ट सांगत होतो. शेवटी ॲप उघडलं. काकूच्या मालावर ॲपने फोटो लावलाय तो स्टीलच्या वाटीचा. वाटीत शेवग्याच्या शेंगा, वर फोडणी. खाली, "सांबार. गावरान. ताजा. थेट शेतातून." तिखट बेताचं म्हणजे काय ते आज कळलं.

ॲपला वऱ्हाडी मी स्वतः शिकवली. मले, तुले, काऊन, सगळं घातलं. भेदरं म्हणजे टमाटे, तेही घातलं. सांबार सुचलाच नाही. पुण्याच्या मंडईत इतकी वर्षं कोथिंबीर म्हणायचो आणि घरी फोनवर सांबार, जीभ आपोआप रूळ बदलायची. तो वऱ्हाडी शब्द आहे हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

सोसायटीला माफीचा मेसेज. बायकांनी इडल्या चटणीशी खाल्ल्या आणि जुड्या वाण म्हणून लुटल्या म्हणे. हुशार बायका.

१९ जाने.
सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंनी व्हिडिओ टाकलाय. काठापदराच्या साड्या, ताटात कोरड्या इडल्या, टेबलावर आमची दोन पोती. बाई कॅमेऱ्यात बघून, "हे बघा विदर्भातलं सांबार!" मागून हशा. त्यावर काकूचं रेकॉर्डिंग चिकटवलंय. बाई, सांबार हाय. गावरान. (जाहिरातीखाली शेतकऱ्याचा आवाज ऐकू यावा ही आयडिया कोणाची? माझी. विश्वास वाढतो म्हणून.)

दुपारपर्यंत सगळीकडे तेच. एकाने वाटीत जुडी उभी करून त्यात इडली बुडवली. एकाने काकूच्या वाक्याला ढोल लावला. चुलतभावाने मलाच पाठवलं, "हे पाह्यलं का बे, लय हासलो." आपल्या काकूचा आवाज त्याला ओळखू आला नाही!

२० जाने.
कमेंटी वाचत दिवस घालवला. सकाळी पुणे विरुद्ध विदर्भ. दुपारी विदर्भ विरुद्ध विदर्भ, सांबार की संबार. एकाने लिहिलं, आपण सगळे मराठी, भाऊ भाऊ. त्याला दोन्हीकडून शिव्या पडल्या. संध्याकाळी कोणीतरी विषय क्रिकेटवर नेला आणि मंडळी पांगली.

डाऊनलोडचा आलेख ताडमाड. त. खूश. भाजी मात्र कोणी घेत नाही. लोक ॲप उघडतात, बटण दाबतात, "सांबार हाय" म्हणतात आणि हसतात. रेकॉर्डिंगवर रेकॉर्डिंग, नुसतं हसणं. सर्व्हरचं भाडं त्याच्यासाठीच भरतोय.

काकूला कोणीतरी व्हिडिओ दाखवलाच. मला बोलावलं. "त्यायनं सांबार मांगला, सांबार भेटला. मंग हासून काऊन राह्यल्या?" मी इडलीपासून सगळं सांगितलं. तिने पुन्हा लावला. आवाज मोठा केला.
"सांबारावर हासून राह्यल्या का माह्यावर?"
म्हटलं सांबारावर.
"हाव का," म्हणाली आणि फोन पालथा ठेवला.

२४ जाने.
फंडवाले सर! महिनाभर ज्यांनी मेल उघडला नव्हता त्यांनी स्वतः व्हिडिओ कॉल लावला. मागे पुस्तकांचं कपाट, सगळी पुस्तकं रंगानुसार लावलेली.

म्हणाले, भाजी सगळेच विकतात, तुमच्याकडे काकू आहे. ॲपचा चेहरा काकू. दर आठवड्याला रील. ॲपचा आवाज बदलायचा, त्यानेही तसंच गमतीदार बोलायचं, "काऊन बे, भाजी घेतं का नाही?" लोक हसले की थांबतात, थांबले की घेतात. हे मान्य असेल तर पैसे.

मी म्हटलं, "इंटरेस्टिंग, सर." हा शब्द मी नाही म्हणता येत नाही तेव्हा वापरतो.

त. म्हणतो हो म्हणून टाक, नंतर बदलू. विचारलं, तू हसला होतास का रे? "हसलो ना. पण काकूंचं बोलणं किती गोड आहे!" खोटं बोलत नाही तो, हाच त्याचा त्रास आहे.

२८ जाने.
सरांनी नमुन्याच्या रीलसाठी माणूस पाठवला. ऋत्विक, कंटेंट हेड. पांढरे बूट घालून मळ्यात.

काकूने ठेवणीतली साडी नेसलेली. केस चापून. कॅमेरा लागला तशी ताठ झाली. "नमस्कार. मी सौ. बेबी. आज आमच्याकडे ताजी कोथिंबीर उपलब्ध आहे." ॲपवरच्या बाईची हुबेहूब चाल! दोन दिवस पाठ करत होती, काका सांगत होते.

ऋत्विक, "काकू, नॅचरल बोला ना. तुमच्या भाषेत."
काकू, "मी नॅचरलच बोलत आहे."

मग त्यानेच करून दाखवलं. कमरेवर हात, तोंड वाकडं, "मले तं लय भूक लागून ऱ्हायली नं बे!"
काकू माझ्या कानात, "कुठचा हाय हा पोरगा? भूक लागली म्हनते. पोहे टाकू का?"

टेकवर टेक. काकू शुद्ध ते शुद्धच. तेवढ्यात शेजारची बकरी वाफ्यात शिरली. काकू साडी खोचून धावली, मला ओरडली. "अवं, सांबार खाऊन राह्यली ना मेली! पंक्या, पाहून काय राह्यला, हाकल ना तिले!" ऋत्विकने उडीच मारली. "हेच! हेच पाहिजे होतं!" सामान आवरलं, पोहे खाऊन गेला.

काकू ओट्यावर बसली. "जे पाठ केलं थे नाही घेतलं? बकरीले बोलली थे घेतलं?"
म्हटलं हो.
"साडी कायले नेसली मंग मी?"

मला लाज वाटली. तिच्यासमोर बसवेना, बकरी बांधायला गेलो.

३१ जाने.
ॲपची नवीन रेकॉर्डिंग ऐकली, खऱ्या शेतकऱ्यांची. हसणाऱ्यांची गर्दी ओसरलीय. आपली पंचक्रोशीतली माणसं, मी ओळखतो बहुतेकांना. सगळे बदललेत. "आमच्याकडे वांगी आहेत." "माझ्याकडे मेथी उपलब्ध आहे." एक म्हातारबाबा, "को... थिंबीर. बरोबर हाय ना बाई?" आणि उत्तराची वाट बघत थांबलेत. ॲप असं उत्तर देत नाही. बराच वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू येतो.

ॲपला सांबार कळतो आता. फोटोही कोथिंबिरीचाच लागतो. फक्त सांबार म्हणणारं कोणी उरलं नाही.

बेबीकाकूचं तर रेकॉर्डिंगच नाही. माल टेम्पोने मलकापूरच्या बाजारात जातोय. विचारलं का गं? म्हणाली, "याच्यात बोलाव लागते ना बाबू. तिथं नुसता माल टाकला का झालं."

वाईट वाटलं. फार. असं व्हावं म्हणून केलं होतं का हे सगळं?

१ फेब्रुवारी
सरांचा मेल. बकरीची रील टीमला प्रचंड आवडली. बुधवारी अकराला कॉल, फायनल हो किंवा नाही. हसणाऱ्या पिवळ्या तोंडाची चित्रं तीन ओळीभर.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "बेबीले इचारलं का?" विचारलं नाही. बेबीकाकू हो म्हणेल. माझं पुण्याला परत जाणं टळतंय म्हटल्यावर ती बकरीसारखी ओरडूनही दाखवेल. म्हणूनच विचारलं नाही.

२ फेब्रु.
विचार केला. चूक ॲपच्या कानात नाही, तोंडात आहे. कोणता भाजीपाला उपलब्ध आहे, असं मास्तरणीने विचारल्यावर माणूस परीक्षेला बसल्यासारखाच बोलणार. ॲपने आपल्यासारखं विचारलं पाहिजे. सर म्हणतात तसं नाही. साधं, बांधावरून जाताना विचारतात तसं.

काकूला म्हटलं, ॲपचा आवाज तू दे. ती, "मी नाही बा. परत हासतीन." मग मीच. गच्चीवर गेलो, दार लावलं. "राम राम. काय निघालं आज?"

लावून ऐकलं. हुबेहूब ऋत्विक!

परत केलं. आवाज जाड केला तर पाटील झाला. पातळ केला तर कस्टमर केअर. "काय निघून राह्यलं आज" करून पाहिलं, पण असं कोणीच म्हणत नाही, मी काय परका आहे का? दुपार गेली. खालून आई, "कोनासंग भांडून राह्यला रे?"

३ फेब्रु.
मळ्यात गेलो. काकू जुड्या बांधत होती. कोणाचा आवाज ते न सांगता फोन तिच्या कानाशी धरला. तिने मान तिरकी करून सगळं ऐकलं. परत लाव म्हणाली. परत ऐकलं.
"कोन हाय हा?"
म्हटलं ओळख.
"पुन्याचा दिसते. आपल्यावानी बोलाची लय धडपड करून राह्यला बिचारा."

म्हटलं काकू, मी आहे.

हसली असती तर बरं झालं असतं. नाही हसली. हातातली जुडी बांधून पूर्ण केली, बाजूला ठेवली, पोतं सरकवून मला जागा केली.
"बोल मंग आता. मले इचार."
विचारलं.
"नाही. घाई काऊन करून राह्यला? कोनी मांगं लागलं का तुह्या?"
परत विचारलं.
"नाही बे. माह्याकडं पाय ना. फोनकडं पाहून कायले इचारतं?"

फोन खिशात टाकला. मधेच तो वाजला. त.चा मेसेज, "उद्या अकरा. हो म्हणायचं ना?" पाहिला, तसाच ठेवला.

काकूने नवी जुडी हातात घेतली. "परत," म्हणाली. मी तिच्याकडे बघत परत विचारलं, "काय निघालं आज?"