धाकटीच्या गालावरच्या लाल शिरा

मंगळवार, संध्याकाळ

धाकट्या बहिणीच्या गालावर बारीक लाल शिरा दिसू लागल्यात. मी दिलेलं मॉइश्चरायझर आणि तिनं उमरखेडहून आणलेलं गोरेपणाचं क्रीम, दोन्हींचे घटक शेजारी ठेवून वाचले. माझ्या मॉइश्चरायझरमध्ये ग्लिसरीन, सेरामाइड. तिच्या क्रीममध्ये त्वचा पातळ करणारं स्टेरॉइड आणि रंग उतरवणारं हायड्रोक्विनोन. म्हणजे त्या शिरा यामुळेच. मी फार्मसी शिकलेली. आधी कसं दिसलं नाही?

म्हटलं, "उद्याच डॉक्टरकडे जाऊ."

"रविवारी पाहुणे येऊन राह्यले, ताई. तोवर लावू दे. तुले पाहाले आलते तवा काय म्हनले, आठोते ना?"

आठवतं. 'मुलगी शिकलेली आहे, पण सावळी.' मी काहीच न झाल्यासारखं चहाचे कप उचलले होते. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. तिनं ते पाहिलं होतं.